कोथिंबिरीचं कूळ

जगातल्या कुठल्याही पानाला त्याचं नाव कसं पडलं हे आमच्या साडूंना ठाऊक नाही, असं कधी झालं नाही. आणि त्यांनी सांगितलेलं खरं निघालं, असंही कधी झालं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुऱ्हाणपुरात कापडाचं दुकान, पांढराशुभ्र सदरा, आणि आवाज असा की पंगतीच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा माणूस मान डोलावतो. मी मराठी आणि संस्कृत शिकवण्यात हयात घालवली. शब्दांची कुळंमुळं हा माझा प्रांत. पण नातेवाइकांत एखादा शब्द अडला की माना वळायच्या साडूंकडे. माझी बायकोसुद्धा, मी शेजारी बसलेलो असताना, "जिजाजींना विचारू या," म्हणायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका लग्नात चटणी वाढली जात असताना साडूंनी जाहीर केलं, "आपल्या चौकात एक भाजीवाला होता. त्याची बायको आतून सारखी ओरडायची, 'पुडी दी ना? पुडी दी ना?' गिऱ्हाइकांना वाटलं, हेच पाल्याचं नाव. झाला पुदिना!" मंडप हसला. मी म्हटलं, "शब्द फारसीतून आलाय." वाढपी म्हणाला, "सर, थोडं सरका, वरण येतंय."

पण खरी जखम झाली ती माझ्या मुलीला पाहायला दापोऱ्याची मंडळी आली तेव्हा. केळीची मोठी बागायत, चांगली माणसं; पण मुलाच्या आजोबांची मान हलल्याशिवाय त्या घरात काही ठरत नाही, असं ऐकून होतो. आजोबा आल्यापासून भिंतीसारखे गप्प. भरीत-भाकरी वाढली आणि भरतावरची हिरवी पानं दाखवत मुलाची आई सहज म्हणाली, "आम्ही याला सांबार म्हणतो, तुम्ही कोथिंबीर. हे नाव आलं कुठून?"

जन्मभर मी ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर आला होता. मी घसा खाकरला. "संस्कृतात कुस्तुंबरी, प्राकृतात कोत्थुंबरी..." सगळे आदराने भाकरी चावू लागले. मुलीनं डोळ्यांनी मला 'पप्पा, बस' म्हटलं. आजोबांनी जांभई दिली.

तेवढ्यात साडू म्हणाले, "तापीकाठी एक आळशी म्हातारा होता. पोरानं विचारलं, 'बा, हे धणे कुठं पेरू?' म्हातारा खाटेवरूनच म्हणाला, 'पेर, कोठं बी र!' पोरानं अंगणात पेरलं, बांधावर पेरलं, केळीत पेरलं. तेव्हापासून कोठंबीर, कोथंबीर, कोथिंबीर!"

आजोबा आधी गदगदा हलले, मग ठसका लागेपर्यंत हसले. "आमचा बाप बी असाच खाटेवरून शेती करे! पोरगी पसंत आहे." मग साडूंकडे बोट दाखवून विचारलं, "मुलीचे वडील हेच ना?"

साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाही बाबा, वडील हे. आमच्या घरात खरं बोलणारा हा एकच माणूस."

मुलीचं लग्न ठरलं, घरात पेढे फुटले, आणि मी मोरीत हात धूत बसलो. मोठेपणासुद्धा या माणसानंच दाखवावा?

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. साडूंची बायको. त्यानंतर ते अर्ध्या भाकरीवर आले, असं त्यांची सून सांगत होती. परवा बायकोनं त्यांना आग्रहानं जेवायला बोलावलं. भरतावर हिरवीगार कोथिंबीर होती. आम्ही सवयीनं त्यांच्या गोष्टीसाठी थांबलो. साडू खाली मान घालून म्हणाले, "चांगलं झालंय."

आता मैदान मोकळं होतं. अडवणारं कुणी नव्हतं. पण माझ्या तोंडातून एकही व्युत्पत्ती निघेना.

"साडूभाऊ, तुम्हीच बोला काहीतरी," ते हळूच म्हणाले. "घर फार गप्प आहे हो."

मी बोलू लागलो. तापीच्या पाण्याबद्दल, शाळेतल्या एका उनाड वर्गाबद्दल, मुलीला दिवस गेलेत त्याबद्दल. ते हसले नाहीत. पण बायकोनं दुसरी भाकरी पुढे केली, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला नाही.