अर्ध्या चाकाची खूण

मंडळी, या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि हसतो. राग मानू नका, पण खरं तेच सांगतो. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... माझ्या बायकोला, रेहानाला, ते वाचून घाम फुटतो आणि मला भूक लागते. मी पडलो ड्राफ्ट्समन. ज्याला माप नाही ते माझ्यासाठी नाहीच. त्यामुळे इथे लिहायला मीच बसलोय म्हटल्यावर घरात सगळे माझ्याकडे बघतायत. पण आता पोटात मावत नाही! आणि आधीच सांगतो – यात भूत नाही, अमावस्या नाही. जे झालं ते भरदुपारी पावणेतीनला, नगरच्या मुकुंदनगरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर ट्यूबलाइट चालू असताना.

मी नासीर. वीस वर्षं साखर कारखान्यांच्या यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. हल्ली घरूनच काम करतो. दोनेक वर्षांपूर्वी एका परदेशी प्रकाशकाचं काम मिळालं. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या लाकडी बोटी कशा बांधायचे, यावरचं पुस्तक. त्यातली सगळी चित्रं माझी. खिळा न् खिळा दाखवायचा.

मित्रांनी यथेच्छ चेष्टा केली. "नासीर, तू भंडारदऱ्याच्या होडीत बसताना दोन लाइफ जॅकेटं मागतोस, आणि तू युद्धनौका काढणार?" बरोबर आहे, नगरला समुद्र कुठला. पण काय चीज आहे हो ती! काही पाणसुरुंग लोखंड जवळ आलं की फुटायचे, म्हणून बोटी लाकडाच्या. त्यातल्या काही चक्क आपल्या मुंबईत बांधलेल्या. बाहेरच्या अंगाला फळ्यांचे दोन थर – आतला एकीकडे तिरपा, बाहेरचा उलट तिरपा – आणि दोन्हींच्या मध्ये जवसाच्या तेलात भिजवलेलं कापड. कुठलं कापड? जुन्या कागदात एक इंग्रजी शब्द होता. तो धुंडाळत मी पोचलो थेट मांजरपाटावर! आमची अम्मी ज्याचे उशीचे अभ्रे शिवायची, तेच मांजरपाट! मी खुर्चीतून उडी मारून ओरडलो. रेहाना पिठाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं मला शॉक बसला.

तर असं सगळं रंगात आलेलं. अट फक्त एकच होती, प्रत्येक रेघेला आधार पाहिजे. आमच्या संपादिका बाई फार सभ्य आहेत, पण शंका आली की त्यांचा मेल एका शब्दाचा येतो : "सोर्स?" तो शब्द मला झोपेतही ऐकू येतो.

नोव्हेंबरात मी सातवा कागद घेतला. बोटीचा पुढचा भाग, आतून. फळ्या ज्यांवर ठोकतात त्या उभ्या लाकडांना मी फासळ्या म्हणतो. मूळ नकाशात त्या धड दाखवलेल्याच नव्हत्या, म्हणून मी प्रत्येक फासळी एकसंध, वाकवलेली अशी काढली. आधी पेन्सिलीनं काढायची, मग कॉम्प्युटरवर घ्यायची, ही माझी पद्धत.

नववी फासळी काढताना वास आला. ताजं कापलेलं सागवान आणि जवसाचं तेल. खाली कुणाचं फर्निचर चाललंय वाटलं, म्हणून गॅलरीत गेलो. खाली चिटपाखरू नाही. परत येऊन बसलो, तर नवव्या फासळीवर एक खूण. अर्धं चाक, त्यात दोन आरे, कडेला तीन टिंबं. पेन्सिल माझी, कागद माझा, आणि खोलीत मी एकटा!

खोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास, पुन्हा तीच खूण, त्याच जागी. फूटपट्टी लावली – दोन्ही दिवशी वीस मिलिमीटर. बरोब्बर वीस! भीती? छे, मला तर चेव आला. तिसऱ्या दिवशी टेबलावर मोबाईल उभा केला आणि स्वतःचंच शूटिंग केलं. त्यात मी दिसतो. शांतपणे, न अडखळता, खालून वर जोर देत ती खूण काढणारा मी. रेघ मी नेहमी वरून खाली ओढतो, वीस वर्षांची सवय आहे. आणि हे केल्याचं मला काडीचंही आठवत नाही. रेहानानं तो व्हिडिओ अर्ध्यातच बंद केला आणि म्हणाली, "अहो, हे काम सोडा तुम्ही."

मी कसला सोडतोय! खुणेसकट कागद स्कॅन करून बाईंना पाठवला. उत्तर आलं : "सोर्स?" खाली आणखी एक ओळ – महिनाअखेरपर्यंत आधार मिळाला नाही तर खूण काढून टाका.

आता आधार कुठून आणू? इंटरनेट पालथं घातलं. शेवटी कारखान्यातला एक जुना सहकारी म्हणाला, "अरे, खुणा सुतारांच्या असतात. काष्टीला बापूराव सुतार आहेत, उसाच्या बैलगाड्या करणारे. त्यांना दाखव." दुसऱ्याच दिवशी सकाळी मोटरसायकल काढली आणि दौंड रस्त्याला लागलो.

बाजाराचा दिवस होता, गावात पाय ठेवायला जागा नव्हती. बापूरावांचं काम एका टोकाला, बाभळीखाली. वय ऐंशीच्या पुढं, पण हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, आणि लाकडावर असा नेमका घाव की बघत राहावं. शेजारी त्यांची सून मंदाताई भुसा गोळा करत होती. मी सलाम केला, आलो कशाला ते सांगितलं आणि कागद उलगडला. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, वाकला... आणि कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

"खून," तो म्हणाला. "माज्या बापाची खून!"

काय सांगू मंडळी, एका क्षणात सगळे सिनेमे डोळ्यांसमोर! "बाबा, खून? कुणी केला?"

"कुनी म्हंजी? बापानंच केली आसंल!"

मी दोन पावलं मागं सरकलो. मंदाताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "भाई, खून न्हाई, खून! आपली निशानी वो. सुतार लाकडावर करत्यात ती."

खूण! नगर जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, आणि एका 'ण'नं मला भरदिवसा फसवलं. पण म्हातारा हसत नव्हता. तो घरात गेला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. फडकं सोडलं. आत एक जुनापुराणा वाकस होता, आणि त्याच्या दांड्यावर कोरलेलं अर्धं चाक, दोन आरे, तीन टिंबं. खिशातली फूटपट्टी काढून मापलं. वीस मिलिमीटर!

मग बापूराव बोलले. "बाप मम्बईला गेल्ता, लडाईच्या टायमाला. मी दोन वर्साचा हुतो. परत आलाच न्हाई. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. गाव म्हनायचं, बाई ठिवली आन् पळाला. मला सगळी पळपुट्याचं पोरगं म्हनायची. आई म्हनायची, न्हाई रं, कामाला गेलाय, लाकडाचं मोटं काम हाय. मरस्तवर तेच म्हनली." वाकस मांडीवर घेत म्हणाले, "मीच इश्वास ठिवला न्हाई. तिच्या तोंडावर म्हनलो, पळाला त्यो. म्हनून ही खून मी जल्मात एका बी गाडीवर केली न्हाई. वाकस बांधून पेटीत टाकला."

ही खूण मी कुठून आणली हे त्यांनी विचारलं, तेव्हा जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला आणि नखानं फासळीची रेघ चाचपली.

"भाई, पन तुमचं चित्र चुकलंय."

"चुकलंय? कुठं?"

"ही खून अर्धी हाय. वाकसावर हाय ती नावापुरती. कामात दोन लाकडं जिथं जोडायची तिथं अर्धी ह्या लाकडावर, अर्धी त्या लाकडावर करायची. जोडलं की चाक पुरं हुतंय. म्हंजी जोड बराबर बसला. तुमी तर हितं जोड दावलाच न्हाई. अख्खं लाकूड काडलंय. अख्ख्या लाकडावर कोन कशाला खून करंल?"

अरे देवा! म्हणजे फासळी एकसंध नव्हतीच! दोन तुकडे होते आणि तिथं जोड होता! ज्या खुणेपायी मी तीन आठवडे डोकं फोडत होतो तिचा अर्थ या माणसानं भुशात बसल्या बसल्या सांगितला. निघताना त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, "पुसू नका भाई."

आता बोला. आधार नसताना खूण ठेवली तर अख्खा कागद बाद, आणि पुसली तर त्या म्हाताऱ्याला तोंड कसं दाखवू? मी ठेवली. जोडही काढला, दोन्ही अर्ध्या खुणांसकट. बाईंना लांबलचक मेल लिहिला – यातली एखादी मुंबईत बांधलेली बोट अजून शिल्लक असेल, तर तिची नववी फासळी कुणीतरी उघडून बघेल का? वेड्यासारखी मागणी, मान्य आहे. पण बाईंनी मुदत वाढवली आणि चौकशी केली. अशी एक बोट तिकडे एका खाडीत पडून होती आणि तिचा मालक जानेवारीत तिची दुरुस्ती काढणारच होता.

फेब्रुवारीत फोटो आला. सकाळी साडेनऊला, मी दाढी करत असताना. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी फोटो मोठा केला. आतली फळी काढलेली, मांजरपाटाच्या चिंध्या लोंबतायत, मागं फासळी... दोन तुकड्यांची! जोडाच्या एका बाजूला अर्धं चाक, दुसऱ्या बाजूला अर्धं चाक, कडेला तीच तीन टिंबं, मधली फट केसाएवढी. मिळून अख्खं चाक! मी असा ओरडलो की शेजारचे दार वाजवायला लागले. बाईंच्या मेलमध्ये या वेळी दोनच शब्द होते, आणि त्यात सोर्स हा शब्द नव्हता.

दुपारी काष्टीला पोचलो. बापूरावांच्या हातात मोठा प्रिंट दिला. बराच वेळ त्यांनी बोट त्या चाकावरून फिरवलं, जणू लाकूडच हाताला लागत होतं. मग मान वर न करता म्हणाले, "खरं बोलत हुतीस गं आई." आणि ढसाढसा रडले. मंदाताईही रडली, आणि मी... जाऊ दे.

त्यांचे वडील पुढं कुठं गेले, कसे गेले, ते कळलं नाही. मुंबईच्या कागदांत कारागिरांची नावंच नाहीत. पण ते पळाले नव्हते एवढं आता काष्टीत सगळ्यांना माहीत आहे. तो फोटो फ्रेम करून बाभळीला टांगलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, लहानपणी कुठल्या तरी गाडीवर ती खूण बघितली असशील. पण बापूरावांनी ती कधी केलीच नाही, आणि वाकस पेटीत होता. फोटो म्हणाल, तर माझा स्कॅन नोव्हेंबरचा आणि फासळी उघडली जानेवारीत. दोन्ही तारखा मेलवर आहेत. काष्टीला मी त्याआधी उभ्या जन्मात गेलो नव्हतो. मी सगळे कोन लावून बघितले. एकही बसत नाही. तो वासही पुन्हा कधी आला नाही, आणि खरं सांगू, मी दुपारी पावणेतीनला मुद्दाम खिडकी बंद करून वाट बघत बसतो.

परवा जेवताना बापूरावांचा फोन आला. स्पीकरवरच घेतला. पलीकडून म्हातारा आनंदानं ओरडत होता, "भाई! आज मी खून केली! जल्मात पयली!" रेहानाच्या हातातला घास ताटात पडला. "नव्या गाडीवर केली. आईच्या फोटोम्होरं सांगून केली." मी इतका हसलो की ठसका लागला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्याचं नव्हतं.

पुस्तक आता छपाईला चाललंय. शेवटी आधारांची यादी आहे. जोडाच्या पुढे मी फोटो लिहिला आणि बापूरावांचं नाव लिहिलं. पण बाई काटेकोर. त्यांनी विचारलंय की नोव्हेंबरात खूण पहिल्यांदा काढली, तेव्हा तिचा सोर्स काय होता? तो रकाना अजून कोराच आहे.