फळीवरची कढई

वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. मी कढई फळीवर टाकली. नीरफणसाच्या कापांना तिखट, हळद, मीठ चोळलं, तेलाचा नुसता हात फिरवला आणि भावाने दुबईहून आणलेल्या ओव्हनमध्ये ते खरपूस भाजले. वडिलांनी मिटक्या मारत खाल्ले. शेजारी जेवायला बसलेली आत्या मात्र म्हणाली, “घरात तळण बंद असतं ते सुतकात गो.”

मी तिच्यावर अशी खेकसले की ती पानावरून उठली. पण त्या दिवसापासून ओव्हन तापायला लागला की तळणाच्या आवाजाविना घर मला कसंतरीच वाटायचं.

कढई खाली आली ती वडिलांच्या तेराव्याला, वडे तळायला. आत्यानेच ती गॅसवर चढवली.