चिंधीत बांधलेले खिळे

ती घटना आठवली की आजही डोळ्यांपुढे आधी येतात ते तेलकट चिंधीतले खिळे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत धरणाच्या पाण्यापलीकडे एक गाव होतं. तिथल्या लोकांना अलीकडे आणणारी एकच नाव. त्या उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलेलं. काठापासून शंभर पावलं नुसता चिखल. एका सकाळी तिकडच्या सरपंचांचा फोन आला. "साहेब, नाव बंद पडली. नावाडी म्हणते, तळाची फळीच नाई. मले वाटते, कोणतरी काढून नेली असन."

जमादारांनी लांबच्या रस्त्यानं जीप नेऊन त्या गावातला एक तरुण संशयित म्हणून आणला. दोन दिवसांपूर्वी या तरुणाचं नावाड्याशी भांडण झालं होतं. बायको नवव्या महिन्यात, तिला तपासणीला न्यायचं, आणि नावाडी निघायला टाळाटाळ करत होता. मीही फार डोकं चालवलं नाही, त्याला बसवून ठेवला. तो एकच सांगायचा, "बोललो मी त्याले. पण नाव कायले तोडू? मलेच लागते ना!" सरळ गोष्ट होती. मी कानाआड केली.

दुपारी पंचनाम्याला अलीकडच्या काठावर नावेपाशी गेलो. फळीच्या जागी खिळ्यांची भोकं जशीच्या तशी, लाकडाला ओरखडा नाही. नावेच्या टोकाशी चिंधी सापडली. आत सगळे खिळे, ठोकून सरळ केलेले! रागानं नाव तोडणारा खिळे सरळ करत बसेल होय?

साठीचा नावाडी काठावरच बसला होता. मी विचारलं, "फळी कुठंय?"

"घरी हाय. म्याच काढली," तो म्हणाला. "परवा माह्याशी भांडला त्या पोट्याच्या बायकोले घेऊन येत व्हतो. जुन्या बुडालेल्या गावची विहीर आता पाण्याखाली वीतभरच राह्यली. तिच्या कठड्यावर नाव घासली, साहेब. पोटुशी बाई व्हती नावेत. नाव बुडाली असती तं?"

"मग नाव बंद म्हणून सांगायचं!" मी भडकलो. "तुमच्यापायी तोच पोरगा सकाळपासून ठाण्यात बसलाय!"

तो ताडकन उठला. "तो? मले नाई माईत, साहेब. सांगतलं व्हतं सगळ्याईले, आयकते कोन? आन् पलीकडून हाक आली का मले नाई म्हणता येत नाई. माह्या बापानंबी कधी म्हटलं नाई. नावच नसली तर हाक कोन मारन? चाला, त्याले सोडवू."

ठाण्यात सगळं ऐकून तो तरुण नावाड्याकडे वळला. "काका, मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं व्हतं रे. तू घाईत व्हतास."

मी खुर्चीवरून उठून त्या तरुणाची माफी मागितली. स्टेशन डायरीत खरं ते लिहिलं, आणि पाणी चढेपर्यंत नाव बंद ठेवायचं पत्र तहसीलला धाडलं. त्याच्या बायकोला त्याच लांबच्या रस्त्यानं जीपमधून दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्यानंतर नुसत्या भांडणावरून मी कुणाला उचललं नाही. आधी जागा पाहायला गेलो.

पावसाळ्यात पाणी चढलं. नावाड्यानं तेच खिळे ठोकून फळी बसवली. पहिल्या फेरीला मी मुद्दाम गेलो होतो. पलीकडून हाक आली, त्याच तरुणाची. कडेवर लेक होती.

"काका, सावकास या! आमाले घाई नाई!"