अखंड सोमवार

सोळा सोमवारांचं व्रत एकदाही न मोडता पुरं करायला पूर्वजन्मीची पुण्याई लागते, असं माझ्या सासूबाई मानतात. माझं काम पाळी न आल्यामुळे भागत होतं.

नियम असा, की पाळीत आलेला सोमवार धरायचा नाही. त्यामुळे बायकांचे सोमवार अधूनमधून गळतात आणि व्रत लांबत जातं. माझा एकही गळला नाही. सिल्वासातल्या ज्या मराठी शाळेत मी शिकवते, तिथल्या एक ज्येष्ठ बाई डबा खाताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "महादेव प्रसन्न आहे हो तुमच्यावर! माझं श्रावणात सुरू केलेलं संक्रांत उलटली तरी संपत नव्हतं." मी हसले. माझ्या पर्समध्ये पॅडचं न फोडलेलं पाकीट होतं. लोक छत्री बाळगतात तसं मी ते रोज बाळगायची. त्याचे कोपरे झिजून पांढरे झाले होते.

व्रत मुलासाठी होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पीसीओएस आहे, बीज वेळेवर तयार होत नाही, गोळ्या घ्या आणि मुख्य म्हणजे खाणं बदला. त्यांच्या दवाखान्यात भिंतभर हसरी बाळं होती आणि वर सोनेरी अक्षरांत 'मातृत्व हा उत्सव आहे'. त्याखाली, वाहने फाटकासमोर लावू नयेत.

मी खाणं बदललं. साखर, मैदा, बेकरी बंद. भात वाटीभर. मूग, अंडी, मेथी, आणि दुधनीकडच्या खेड्यांतून बाजारात येणाऱ्या नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी. सकाळी चालणं. हनुवटीवरचे केस उपटून झाले की वजनकाट्यावर उभं राहणं. दररोज न्हाणीघरात मी आशेने बघायची. एकदा सकाळी लाल दिसलं. मी नवऱ्याला हाक मारणार एवढ्यात आठवलं, की आदल्या दिवशी बिटाची कोशिंबीर खाल्ली होती. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. गुजराती होती, माझ्या भाचीहून लहान. ती म्हणाली, "बेन, पूरे हफ्ते का बताओ." मी मंगळवारपासून सुरुवात केली.

"और सोमवार?"

"सोमवारी खात नाही. उपास असतो."

"कुछ भी नहीं?"

"संध्याकाळी फक्त प्रसाद."

"प्रसाद में क्या?"

मी सांगू लागले. कणकेचा चुरमा, त्यात गूळ आणि भरपूर तूप. त्या दिवशी मीठ चालत नाही, म्हणून दुसरं काही नाही, म्हणून पोट भरेपर्यंत तेच. बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. तिने पेन खाली ठेवलं. "आखो दिवस भूख्या, ने सांजे आटलुं गळ्युं?" दिवसभर उपाशी आणि संध्याकाळी एवढं गोड, असं ती विचारत होती.

इन्सुलिनबद्दल मी मिळेल ते वाचलं होतं. चहातल्या अर्ध्या चमचा साखरेसाठी मी नवऱ्याशी भांडले होते. पण प्रसाद हे खाणं आहे, हे माझ्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. माझ्या शरीराला मात्र तो गूळच वाटत असणार.

घरी आल्यावर म्हटलं, "आई, चुरमा मी यापुढे चिमूटभरच घेईन."

"प्रसाद कधी कुणाला बाधलाय का?"

"तसं नाही आई, डॉक्टरांनी..."

"तुझे डॉक्टर इतके शहाणे असते, तर आतापर्यंत पाळणा हलला असता."

माझा तोल गेला. "आई, पाळण्याचं नंतर! मला आधी पाळी हवीय हो, नुसती पाळी!"

नवरा मसाटच्या कारखान्यातून नुकताच आला होता. त्या घरात हा शब्द पुरुषासमोर कुणी उच्चारला नव्हता. तो पंख्याकडे बघू लागला. सासूबाई म्हणाल्या, "प्रसाद उरवायचा नसतो. संपवणार कोण?"

"मी संपवतो," नवरा पंख्याला म्हणाला.

पुढच्या सोमवारपासून मी अळणी मूग खाऊ लागले आणि सासूबाई नेमक्या त्याच वेळी देवघरात काही शोधू लागल्या. सोमवार येत राहिले, पाळी आली नाही. सोळा पुरे झाले. सतराव्या सोमवारी उद्यापन, गुरुजी सांगितलेले, जोडपी बोलावलेली, मोठ्या परातीत कणीक काढून ठेवलेली.

त्या दिवशी पहाटे न्हाणीघरात मी खाली बसले. बीट नव्हतं. मी आठवून आठवून पाहिलं, बीट खाल्लं नव्हतं.

"काय झालं गं?" दाराबाहेरून सासूबाई.

"आई, आली."

"आजच?"

मला रडू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "बरं. कशाला शिवू नकोस." आणि थोड्या वेळाने, "दुखतंय का फार?"

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, एका पाळीवरून काही ठरत नाही, बीज तयार झालं असेलच असं नाही, पुढच्या महिन्याची वाट बघा. मी वाट बघते आहे. पाकीट नवं आणलं, तेही पर्समध्येच असतं.

उद्यापन पुढच्या सोमवारी झालं. नवऱ्याच्या पँटचं वरचं बटण आता लागत नाही.