चेटकिणीच्या चपला

गांधीबागेत कापडाच्या दुकानांसमोर ती दर शनिवारी लिंबू-मिरच्या विकायला यायची. तिचं नाव मला कधी कळलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आली की स्वतःच हाळी द्यायची, "चेटकीण आली गा, चेटकीण!" दुकानदार हसायचे आणि दाराला बांधायला लिंबू-मिरची घ्यायचे. मग ती पोत्यावर बसून दोऱ्यात मिरच्या ओवायची, पण पायातली चप्पल काढायची नाही. नजर उतरवायची वस्तू चप्पल घालून ओवते म्हणून दुकानदार कुरकुरायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्या वर्षी आम्ही काही मुलींनी बायकांचं मंडळ काढलं होतं. शिवी आपणच मिरवली की तिचा डंख जातो, असं आमचं म्हणणं. मी तिला कौतुकानं म्हटलं, "मावशी, तुम्ही तर त्या शब्दाची भीतीच घालवली."

तिची सुई थांबली. आधी तिनं गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

"कायची भीती गेली वं? मी मोठ्यानं म्हणून पायते. लोक हसले त बसते. ज्या दिवशी हसणार नाहीत, त्या दिवशी पळा लागन. गावातून पळताना चप्पल घालालेबी टाइम भेटला नव्हता मले."

संध्याकाळच्या बैठकीत मंडळाचं नाव 'चेटकीण' ठरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. खिडकीबाहेर पानठेल्यावरची माणसं वळून आमच्याकडे बघत होती. त्यांच्यातलं कोणी हसतंय का, ते मी शोधत होते.

आमच्या सगळ्यांच्या चपला दाराबाहेर होत्या.