कमेटीची कुंडी

आता कोणी स्वच्छतेवर भाषण ठोकायला लागलं की माझं डोकंच फिरतं. अरे बाबांनो, कचरा काय हवेत विरून जातो का? एका दारातून निघाला की तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडतो. अमरावतीत आमच्या गल्लीचा कचरा आमच्या दारात पडायचा, म्हणून मला हे चांगलं ठाऊक आहे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. नगरपालिकेला तेव्हा सगळे कमेटीच म्हणायचे. वडील गेल्यावर आईनं घरातच खानावळ काढली होती. दर्यापूर, परतवाड्याकडून कॉलेजात शिकायला आलेली पोरं-पोट्टी आमच्या ओसरीवर जेवायची, आणि ती जेवायची म्हणून आम्ही दोघी मायलेकी जेवायचो. दुसरा कसलाही आधार नव्हता.

त्याआधी गल्लीत कोणाला कचऱ्याचं ओझं नव्हतं. राख भांडी घासायला, भाजीची देठं गाईला, रद्दी किराणावाल्याला पुड्या बांधायला. उरलंसुरलं मागच्या बोळात ज्याच्या त्याच्या उकिरड्यावर. उन्हाळ्यात कास्तकार बैलबंडी घेऊन यायचे आणि खत म्हणून भरून न्यायचे. पण कमेटीला सुधारणा सुचली ना! उकिरडे उचलले आणि सगळ्या गल्लीला मिळून सिमेंटची एकच कुंडी आणून ठेवली. कुठे? तर आमच्या ओसरीसमोर. कोपऱ्यावर कमेटीची स्वतःची मोकळी जागा पडली होती, पण तिला लागून कमेटीच्या एका मेंबरचं घर. आणि आमच्या घरात भांडायला बाप्या माणूस नाही. मऊ लागलं, खणलं कोपरानं.

बरं, ठेवली तर ठेवली, कचरा तरी तिच्यात टाका! तेही नाही. बायका जवळ येतील तर शपथ. लांबूनच भिरकावायच्या, निम्मं कुंडीत, निम्मं आमच्या पायरीवर. कचरा न्यायची कमेटीची रेड्याची गाडी त्या हल्याच्या मनात येईल तेव्हा उगवायची. माश्या तर अशा की पोट्टी एका हातानं जेवायची आणि दुसऱ्या हातानं ताट राखायची. काहींनी जेवायला दुसरी जागा पाहिली. आई बिचारी झाडू घेऊन दिवसभर पायरीशी. कमेटीच्या जमादाराला सांगितलं, तर तो म्हणाला, "माय, कुठी तरी त ठेवाच लागन ना!"

शेवटी कमेटीत नवीन इन्स्पेक्टर आला. पटकीच्या भीतीनं तो खानावळी तपासत फिरायचा. आमच्या ओसरीवर नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, कचऱ्याच्या तोंडाशी जेवण चालणार नाही. दिवाळी झाली की कुंडी कोपऱ्यावर हलवतो. ती नाही हलली, तर मात्र खानावळ बंद करावी लागेल."

आईला कोण आनंद! त्या दिवाळीत तिनं चिवडासुद्धा जास्तीचा केला. आमच्याकडे दिवाळीला उकिरड्यावरही दिवा ठेवायची रीत आहे. संध्याकाळी पाहते तर ही कणकेचा दिवा घेऊन निघालेली.

"आई, काय करून राहिली तू? त्या कुंडीले दिवा?"

"अवं, उकिरडे आता कुठी राहिले? हाच आपला उकिरडा. जाऊनच राहिली थे इथून. जाता जाता एक दिवा लावला त काय बिघडते?"

बिघडलं! तिचा दिवा पाहून शेजारीण आली, मग तिची जाऊ आली, मग सगळी गल्लीच दिवे घेऊन लोटली. कोणी हळद वाहिली, कोणी कुंकू. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, आमच्या कुंडीची तर वर्षाच्या आतच फिटली.

दिवाळी झाली. जमादार पहारी आणि माणसं घेऊन आला. पहिली पहार लागते न लागते तोच कोपऱ्यावरून मेंबरची बायको धावत आली. "हात नोका लावू! दिवा लागला, हळदकुंकू वाह्यलं. हे जागा आता देवाची झाली." काल सकाळपर्यंत त्याच देवावर केळीच्या साली भिरकावत होती ही बाई! पण मागच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

जमादारानं डोकं खाजवलं. "पयला दिवा कोनं लावला?"

सगळ्या बोटांनी आईला दाखवलं.

"मंग तुमीच सांगा माय. उचलू?"

मी आईला ढोसलं, "सांग, उचला म्हणून सांग." तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मेंबरची बायको म्हणाली, "तुमचं जे जायाचं थे गेलं. आता आमच्या कुंकवावर काहून उठल्या?"

आईनं पदर सारखा केला, "राहू द्या," म्हणाली आणि आत गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या बाईला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं काय होतंय? जमादार पहारी खांद्यावर टाकून चालता झाला.

कुंडी देवाची झाली, पण कचरा तिच्यात पहिल्यासारखाच पडत राहिला. इन्स्पेक्टर शब्दाचा पक्का निघाला. खानावळ बंद झाली. आई लोकांघरी स्वयंपाकाला जायला लागली, आणि पहिलं बोलावणं आलं ते मेंबरच्या घरून. मी म्हटलं, उपाशी राहू पण तिथं नको. तिनं ऐकलं नाही.

एका दुपारी ती तिथून परत आली, तर कमरेवर टोपली. आत त्यांच्या घरच्या भाजीच्या साली आणि खरकटं. स्वयंपाक झाला की हेही तिनंच टाकायचं ठरलं होतं. ती सरळ कुंडीकडे निघाली.

"इथं नोको टाकू!" मी ओसरीवरून ओरडले. "त्यायचा कचरा आपल्या दारात तूच आनून टाकशीन का?"

ती उन्हात थांबली. "मंग कुठी टाकू, सांग."

तिनं टोपली कुंडीत रिकामी केली. एक साल बाहेर पडली, ती वाकून उचलली आणि आत टाकली.