फाल्कची शंभरी

आल्मुटबद्दल मला विचारू नका. विचारलंत तर खरं सांगावं लागेल, आणि खरं हे की अठरा वर्षं मी तिच्यावर जळतेय. आमच्या आलर नदीकाठच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

आम्ही दोघी शाळेत एका बाकावर. पुढे मी हार्मशी लग्न करून गाईघोड्यांत पडले, ती पोस्टात लागली. चौतीस वर्षं टपाल वाटलं बाईनं, आधी सायकलवर, मग पिवळ्या गाडीतून. कुत्र्यांना घाबरायची, पण एक पत्र कधी उशिरा टाकलं नाही. लग्न केलं नाही. पाठ कायम फूटपट्टीसारखी ताठ. छप्पन्नाव्या वर्षी ती आमच्या अंगणात पत्र घेऊन आली, आणि पत्र हातात द्यायच्या आधीच म्हणाली, "गेशे, तुझा फाल्क देणारेस म्हणे?"

देणार होते. काय करणार? माझं कंबरेचं हाड मोडलेलं, कुबड्या काखेत, डॉक्टर म्हणाला होता दोन वर्षं खोगिराचं नाव काढायचं नाही. फाल्क माझा घोडा, आठ वर्षांचा, ऐन भरात. त्याला आईच्या पोटातून मी या हातांनी ओढून काढला होता. लांब दोरीवर गोल फिरवत मीच शिकवला, नुसत्या आवाजावर. आमच्याकडे शब्द ओढून म्हणायचा असतो. "शेऽऽरिट" म्हटलं की चाल, "तेऽऽराब" म्हटलं की दुडकी, "हाऽऽल्ट" म्हटलं की खिळा ठोकल्यासारखा उभा. असा घोडा तबेल्यात नुसता उभा ठेवायचा? हार्म म्हणाला, "देऊन टाक. त्याचे हाल नको करूस." दिला. तो आल्मुटकडे गेला त्या दिवशी मी त्याची रिकामी जागा दोनदा झाडून काढली.

आणि आल्मुट? आयुष्यात खोगिरावर न बसलेली बाई! पहिलं वर्षभर बटाट्याच्या पोत्यासारखी आदळत होती. आम्ही सगळ्या हसायचो. पण फाल्क गुणी. तो तिला सावरून घ्यायचा, चुकली तरी समजून घ्यायचा. साठीला पोचेपर्यंत बाई पांढरे हातमोजे घालून ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या कवायतीच्या, स्पर्धांत उतरायला लागली. मैदानाच्या कडेला अक्षरांच्या पाट्या, या पाटीपासून त्या पाटीपर्यंत दुडकी, तिथून वळण, तिथून दौड, सगळं कसं सरळ आणि शांत. लोक टाळ्या वाजवायचे. कुणाला? आल्मुटला! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

माझं हाड जुळल्यावर मीही परत खोगिरावर बसले. आता माझी लोटे घोडी चौदा वर्षांची आहे आणि अजून 'ब'ची पाटी बघून बिथरते. रोज तीच पाटी, रोज तेच बिथरणं.

पण सगळ्यात झोंबायचं ते बुधवारचं. बुधवारी आम्ही म्हाताऱ्या सरावाला जमतो. आल्मुट फाल्कवर असताना मी कठड्याशी उभी राहून एक शब्द बोलले, की लगेच वरून फर्मान, "गेशे, तेवढी कॉफी टाक ना." एकदा नाही, दोनदा नाही, अठरा वर्षं! घोडा माझा, शिकवणं माझं, आणि मी कोण? तर कॉफीवाली!

यंदा जानेवारीत आमच्या घोडेस्वारांच्या क्लबनं शंभरी जाहीर केली. घोड्याचं आणि स्वाराचं वय मिळून शंभर भरलं की दोघांनी मिळून एक प्रात्यक्षिक करायचं, मग सोनेरी फीत. क्लबचे ओंकेन उठून म्हणाले, "आल्मुट चौऱ्याहत्तर, फाल्क सव्वीस. आपल्या क्लबची पहिली शंभरी!"

मी ताडकन उठले. "अहो ओंकेन, फाल्क मे महिन्यातला आहे. मी हजर होते! अजून सव्वीस कुठे झाले त्याला?"

"गेशे, घोड्यांचे वाढदिवस सगळे एक जानेवारीला. तू आयुष्य घोड्यांत घालवलंस, तुला मी सांगायचं?"

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला नि लोटेला शंभरी गाठायला अजून सहा वर्षं. तोवर कोण असणार नि कोण नसणार!

मार्चमध्ये आल्मुट घरी आली. प्रात्यक्षिकाच्या वेळी कठड्याशी उभं राहून एकजण पुढची पुढची हालचाल मोठ्यानं वाचतो, तशी आमच्याकडे पद्धत आहे. ती म्हणाली, "माझ्यासाठी तू वाचशील?"

"तुला तर झोपेत उठवलं तरी पाठ आहे."

"आहे गं. तरी तू वाच. आणि ओढून वाच, तुझ्या पद्धतीनं."

बघा थाट! सगळ्या गावासमोर मला आपली भालदार करायला निघाली होती. मी हो म्हटलं. पण मनात काळंबेरं होतं. ठरवलं, मधेच एका जागी गप्प बसायचं. होऊ दे जरा फजिती.

एप्रिलमधला रविवार. अर्धा गाव जमलेला, टेबलावर बटर केक. फाल्कच्या डोळ्यांवर खळगे पडलेले, पाठ खचलेली, पण आयाळ छान गुंफलेली. ओंकेननी आल्मुटला पायरीवरून वर चढवलं आणि तिचा पाय हातानं उचलून पलीकडे टाकला. मी म्हटलं, राणीसाहेबांचे नखरे बघा!

मी 'ब'च्या पाटीशी उभी राहून वाचायला लागले. "तेऽऽराब." म्हातारा असा निघाला की बायकांनी रुमाल काढले. मान गोल, पाय हलके, वळणावर कुठे ओढाताण नाही. इतका सुरेख चालत होता माझा फाल्क, आणि वर ती बसलेली. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि रागही तितकाच आला. पुढची ओळ होती दौडीची. मी तोंड मिटलं.

फाल्क कोपऱ्यातून वळला. एक कान माझ्याकडे, मग दोन्ही. दुडकीची चाल झाली, आणि ठरलेली वाट सोडून तो सरळ माझ्याकडे आला, कठड्यापाशी थांबला, नाक माझ्या खांद्याला लावलं. अशा वेळी स्वार टाच लावतो, लगाम आवळतो. आल्मुटची टाच हललीच नाही. पाय नुसता लोंबत होता.

"गेशे," ती हळू म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाताळापासून मला मांडीखाली काही कळत नाही. तो तुझ्याच आवाजावर चाललाय. बोल ना गं."

अठरा वर्षांत ती पहिल्यांदा मला बोल म्हणाली. माझा आवाज फाटला, पण निघाला. पुढचं सगळं वाचलं, ओढून, शेवटच्या "हाऽऽल्ट"पर्यंत. मधे थांबल्याचे गुण कापले, तरी फीत मिळाली. फितीवर नावं दोनच, आल्मुट आणि फाल्क. खोटं कशाला सांगू, तेव्हाही पोटात दुखलंच.

नंतर तबेल्यात ती उपड्या बादलीवर बसून मांडी चोळत होती.

"वेडी आहेस का तू?" मी ओरडले. "पडली असतीस म्हणजे?"

"तू गप्प का बसलीस?"

मी खाली बघितलं. "तुझी फजिती करायला."

"वाटलंच मला." ती रागावली नाही. "मी तरी कुठे साधी? तू कठड्याशी तोंड उघडलंस की याचे कान तुझ्याकडे. मी वर बसलेली, आणि हा तुझा. अठरा वर्षं जळले मी. म्हणून तर तुला कॉफीला पिटाळायची."

फाल्क गवत चघळत होता, त्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं.

भिंतीला धरून आल्मुट उठली. "आता माझं बसणं संपलं. बुधवारी तू बस त्याच्यावर."

"मी? अगं, वय बघ माझं."

"एकाच बाकावर होतो आपण. बघ ना, किती आहे?"

चौऱ्याहत्तर. आणि त्याचं सव्वीस. इतके महिने लोटेची बेरीज करत बसले होते, ही कधी केलीच नव्हती.

"वेळेवर ये," ती म्हणाली. "कॉफी मी टाकते."